चौदा निळ्या फिती

सायमा ओयालाने ज्यांचं आयुष्यात एकदाही कौतुक केलेलं नाही अशांची यादी करायची, तर आमच्या टाउनशिपची मतदारयादीच पुढे ओढावी लागेल. मीही त्या यादीत आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात ती सव्वीस वर्षं होती. त्यातली सहा वर्षं तिने मला वाटाण्याचं सूप वाढलं आणि सहा वर्षं एकच वाक्य ऐकवलं, "चमचा नीट धर, गवत उपटत नाहीयेस."

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सरोवरावरून वारा सुटला की तिची अंगकाठी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित झुकते, सवयीने. चर्चमधल्या कॉफीला ती येते, वेलदोड्याच्या पावाचा एक तुकडा खाते, तो कोणी भाजला ते न विचारता सांगते आणि त्यात काय चुकलं तेही सांगते. गंमत म्हणजे ती चुकत नाही. म्हणूनच लोक तिला टाळतात. उगाच बोलणाऱ्या माणसाला माफ करता येतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पानं गळली की सायमा आईचा आखूड सुरा घेऊन जुन्या रुळांच्या वाटेवर जायची. रूळ केव्हाच उचलून नेले. उरला तो दलदलीतून सरळ गेलेला उंच बांध, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाल काड्यांची झुडपं. आमच्याकडे कोणी त्यांना लाल विलो म्हणतं, कोणी नुसती लालकाडी. ते डॉगवुड आहे हे सायमाला माहीत आहे. बाकीच्यांना ते माहीत नाही हेही तिला माहीत आहे. ख्रिसमसच्या आधी शहरातले फुलवाले या काड्या पाइनच्या फांद्यांसोबत कुंड्यांत खोचतात, त्यांना ती जुड्या पुरवते. एकाच उन्हाळ्यात वाढलेली सरळ काडीच ती घेते. बुंध्याशी अंगठ्याएवढा खुंट ठेवते. दहांची जुडी त्याच झुडपाच्या बारीक डहाळीने बांधते. न कापलेली काडी तिसऱ्या वर्षी भुरी पडते. त्या वाटेवर नोव्हेंबरात जो लाल रंग दिसतो, राखाडी आभाळाखाली लांबवर ओढलेल्या रेघेसारखा, तो सायमाच्या सुऱ्याने टिकवलेला आहे. ते कोणी तिला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने त्या माणसाला काय उत्तर दिलं असतं याची मला साधारण कल्पना आहे.

डॉगवुड ओळखायचं तर पान हळूच आडवं फाडायचं. दोन तुकडे वेगळे झाले तरी शिरांमधल्या पांढऱ्या बारीक तारा त्यांना धरून ठेवतात आणि खालचा तुकडा हवेत लोंबकळत राहतो. हे आमच्याकडच्या शाळेतली मुलंही करतात. पण त्यातलं कोणतं, हे सांगायला सायमा लागते. खडकाळ कोरड्या चढावर गोल पानांचं, फिकट निळ्या फळांचं. मेपलच्या सावलीत मजल्यामजल्यांनी पसरलेलं, ज्याची पानं समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक येतात. स्प्रूसखाली बोटभर उंचीचं, झुडूप म्हणायचीही लाज वाटावी असं. आणि दलदलीतलं लाल. हिवाळ्यात पान नाही, फळ नाही, तेव्हा ती काडीचं टोक दातांनी सोलते आणि आत बघते. लाल काडीचा गाभा पांढरा असतो, दुधात भिजवलेल्या पावासारखा.

एक जाळी मात्र वेगळी होती. बांधाखालून पाणी जाण्यासाठी जी दगडी मोरी आहे, तिच्या मागच्या उतारावर. तिच्या काड्या जांभळट, अंगावर मखमलीसारखी लव, गाभा तपकिरी, आणि ऑगस्टमध्ये गडद निळी फळं. असं डॉगवुड दक्षिणेकडे नद्यांच्या काठी मुबलक आहे, आमच्या जिल्ह्यात कोणी नोंदवलेलं नव्हतं. सायमा सात वर्षांची असताना तिच्या आईने ते दाखवलं होतं. आई टोपल्या विणायची, काठाला लाल काडी लावायची. "ही कापायची नाही," आईने सांगितलं. "का?" "आपल्या कामाची नाही. आणि हिला दुसरी सोबत नाही." सायमाने साठहून जास्त वर्षं त्या जाळीला सुरा लावला नाही आणि कोणाला ती दाखवलीही नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

नवऱ्याबद्दल ती फार बोलत नाही. ऑनी लाकूडतोडीच्या छावणीत होता. लग्नाआधी तिला खूश करायला तो लाल काड्यांचा मोठा भारा घेऊन दारात आला. भारा खऱ्या विलोचा होता. "कळ्या एकाआड एक होत्या, समोरासमोर नव्हत्या," ती सांगते, "आंधळ्याला हाताने कळलं असतं. हा माणूस झाडं तोडून पोट भरत होता." मग लग्न का केलंत, असं मी एकदा विचारलं होतं. "दुसरं कोणी विलोसुद्धा घेऊन आलं नाही," ती म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.

आता वर्नर पेल्टोनेन.

वर्नर तीस वर्षं शाळेची बस चालवत होता. निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडतात. त्याने वनस्पती पकडल्या. गळ्यात भिंग, खिशात वही, टोपीला पक्ष्याचा बिल्ला. वसंतात आणि शरदात तो लोकांना जंगलात फिरवतो, त्याला रानवनस्पती मंडळ म्हणतात. मंडळात अकरा जण आहेत, त्यांतले सात उन्हाळ्यापुरते इथे राहणारे. ही मंडळी झाडासमोर उभं राहून झाडाकडे पाठ करतात आणि वर्नरकडे बघतात. वर्नर लॅटिन नाव सांगतो, सगळे मान हलवतात, आणि पुढच्या झाडाकडे जातात, जणू मागच्याचा निकाल लागला. त्यांच्याबरोबर मी एकदा गेले होते. साडेतीन तासांत कोणी एका पानाला हात लावला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी वर्नरने रुळांच्या वाटेवर चौदा झुडपांना निळ्या फिती बांधल्या. प्रत्येक फितीला पत्र्याची चकती, चकतीवर "दुर्मीळ, कापू नये". त्याचं म्हणणं, हे रेशमी डॉगवुड, जिल्ह्यातली पहिली नोंद. त्याने टाउनशिपच्या समितीला तीन पानांचा अर्ज दिला, की मोरीपासून लाकडी पुलापर्यंतची अर्धा मैल वाट राखीव ठेवावी. तिथे कोणीही, कशानेही, काहीही कापू नये.

सायमा ऑक्टोबरात सुरा घेऊन गेली तेव्हा तिला त्या फिती दिसल्या. तिची सगळ्यात चांगली झुडपं होती ती.

माझ्याकडे त्या वर्षी टाउनशिपच्या सभांचं इतिवृत्त लिहायचं काम होतं. म्हणून अर्जाची आणि विषयपत्रिकेची प्रत घेऊन मीच तिच्याकडे गेले. तिने कागद हातातही घेतला नाही.

"कोणी लिहिलंय?"

"वर्नरने. आणि खाली सभेचे विषय आहेत, मावशी. दोन आहेत. वाचून घ्या."

"वर्नरने लिहिलेलं मी वाचत नाही. तो तिसरीत असल्यापासून वाचत नाही. सभा कधी?"

"मंगळवारी, सात वाजता."

"येईन."

कागद मी टेबलावर ठेवला. माझ्यासमोरच तिने त्याच्यावर गरम पातेलं ठेवलं.

मंगळवारी टाउनशिपच्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली. एवढी माणसं आमच्याकडे फक्त कोणी मेलं की जमतात. पुढे टेबलाशी गॉर्डन ट्रेवारो, आमचा टाउनशिपचा प्रमुख, ज्याला दोन्ही बाजूंचं पटतं आणि जो जेवायला घरी वेळेवर पोचतो. उजवीकडे वर्नरचं मंडळ, सगळ्यांच्या अंगावर महागडी पावसाळी जाकिटं. डावीकडे बर्फावर गाड्या पळवणारे स्नोमोबाईल क्लबचे लोक. ते का आलेत असा प्रश्न सायमाला पडला असेल तर तिने तो विचारला नाही. ती मधल्या रांगेत बसली, पायाशी पोतं.

वर्नर उभा राहिला. त्याने पडद्यावर फोटो दाखवले. चिरलेली काडी, आत तपकिरी गाभा. जांभळट हिरवी साल. आणि शेवटी लाकडी पुलाच्या कठड्याचा फोटो, त्यावर पक्ष्यांच्या शिटेचे गडद निळे डाग.

"फळं पक्ष्यांनी संपवली होती," तो म्हणाला, "पण हा पुरावा बघा. निळा रंग. लाल काडीची फळं पांढरी असतात. म्हणजे जवळपास निळ्या फळांचं डॉगवुड आहे."

"ऑगस्टमध्ये काढलेला फोटो ना?" मधल्या रांगेतून सायमा.

"हो."

"ब्लूबेरीच्या दिवसांत आख्ख्या टाउनशिपची शीट निळी असते. माझ्या सुनेचीही बघायची असेल तर फोटो देते."

सभागृह हसलं. गॉर्डनही हसला, मग हसू आवरून त्याने टेबलावर पेन आपटलं. वर्नरचे कान लाल झाले. मी मात्र लिहिताना थांबले, कारण सायमा हसली नव्हती. पुलाचा कठडा मोरीपासून अर्ध्याच मैलावर आहे, आणि तो रंग कुठून आला हे त्या खोलीत एकट्या तिला ठाऊक होतं. मला हे पुढे कळलं.

"सायमा," वर्नर म्हणाला, "मत वेगळं आणि शास्त्र वेगळं. शाळेच्या स्वयंपाकघरात ते शिकवत नसतील."

"नाही रे बाबा. तिथे फक्त तुझ्यासारख्यांना भरवतात."

ती पोतं घेऊन पुढे गेली. चौदा काड्या टेबलावर ओळीत ठेवल्या. प्रत्येकीला निळी फीत, चकतीसकट.

"हे तू राखीव जागेतून कापलंस?" मंडळातली एक बाई ओरडली.

"राखीव अजून झाली नाही, बाई. त्यासाठीच तर आज जमलोय." तिने सुरा काढला. "वर्नर, तू काडी कुठून घेतलीस? बुंध्याकडून. जाड, वाळकी, पाच वर्षांची. कारण कोवळी कापायला तुझं मन धजावलं नाही. जुनं खोड आतून तपकिरीच असतं. तुला मधून चिरलं तर तूही तसाच निघशील. आणि उन्हाळ्यात लाल काडी हिरवट पडते, हे तर खिडकीतून बाहेर बघणाऱ्यालाही कळतं. तू तीस वर्षं आरशात मागची पोरं बघत होतास."

तिने पहिली काडी उभी चिरली. पांढरी. दुसरी. पांढरी. चौदाही पांढऱ्या. प्रत्येक काडी चिरताना होणारा बारीकसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. ती चिरत राहिली, उगाचच, पाचव्याच काडीला सगळ्यांना पटलं होतं. वर्नर उभा होता तसाच उभा होता, हातात पडद्याचं बटण. मागे कठड्याचा फोटो तसाच झळकत होता.

"तर मग रेशमी डॉगवुड तिथे नाही?" गॉर्डनने विचारलं.

सायमाला उत्तर द्यायला किंचित वेळ लागला. मी घड्याळ बघून नोंद करत नाही, पण तो वेळ मला आठवतो.

"यांतलं एकही नाही," ती म्हणाली.

तेवढ्या उत्तरावर ती जागेवर बसली. तिला वाटलं, संपलं. गॉर्डनने चष्मा लावला आणि विषयपत्रिका वाचली. विषय एक, राखीव क्षेत्राचा अर्ज, नामंजूर. विषय दोन, राखीव क्षेत्र नामंजूर झाल्यास स्नोमोबाईलच्या वाटेचं रुंदीकरण, मोरीपासून पुलापर्यंत. दोन्ही अंगांची झुडपं यंत्राने भरडणे, मोरीमागचा उतार दगड टाकून भरणे. काम बर्फ पडण्याआधी, पंधरवड्यात. डावीकडच्या रांगेतून टाळ्या. समितीचे पाचही हात वर, कोणी विरोधात नाही.

सायमाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कोणी असं क्वचित बघतं. मी नजर खाली घालून लिहिलं, "मंजूर".

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. टेबलावर विषयपत्रिका होती, पातेल्याचा गोल डाग पडलेली, आणि ती वाचून झालेली दिसत होती. शेजारी जुड्या. या वर्षीच्या जुड्यांना डहाळी नव्हती. वर्नरच्या निळ्या फिती बांधल्या होत्या.

"फुकट मिळाल्या," ती म्हणाली. "चांगल्या आहेत. झाडं ओळखता येत नाहीत, फिती मात्र बरोबर निवडतो."

"मावशी, लाल झुडपं भरडली तरी परत येतात ना?"

"लाल काडीला काय धाड भरलीय. भरडा, जाळा, मुळापासून दुप्पट येते. लाल काडी म्हणजे गॉर्डन ट्रेवारो आहे." ती थांबली. मग मोरीमागच्या जाळीबद्दल तिने मला सांगितलं. आईबद्दल सांगितलं. ती हे एखादी हिशेबातली चूक सांगावी तसं सांगत होती, कोरड्या आवाजात, जुडी बांधता बांधता. "दगडांखाली गेली की गेली. तिला दुसरी सोबत नाही."

"मग गॉर्डनला सांगा."

"सांगितलं सकाळी. म्हणाला, काल तूच सिद्ध केलंस सायमा की तिथे काही नाही, आता यंत्र ठरलंय. कागद हवा म्हणे. कॉलेजच्या माणसाची सही हवी, आणि कॉलेजचा माणूस रानवनस्पती मंडळाच्या अर्जाशिवाय येत नाही. मंडळ म्हणजे कोण?"

मी जुडीतली एक काडी सरळ केली.

"मंडळ म्हणजे तो," ती म्हणाली. "मी फोन केला तर त्याची बायको आख्ख्या चर्चमध्ये सांगेल की ओयालाबाईने फोन केला. आणि ती जाळी दाखवली की वाट राखीव. मग माझीही कापणी बंद. मोरीपासून पुलापर्यंत, माझी सगळी चांगली झुडपं." फितीची गाठ तिने दातांनी आवळली. "त्या गाढवाला त्याच्या चुकीचं बक्षीस द्यायचं, आणि वर आपलंच शेत लिहून द्यायचं."

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. "बूट घाल. वर्नर येतोय. तुलाही यावं लागेल, त्याला साक्षीदार लागतो म्हणे. तुला लिहिता तरी येतं."

शनिवारपासून हरणांची शिकार सुरू होणार होती. शिकाऱ्यांना दिसावं म्हणून वर्नर डोक्यापासून कमरेपर्यंत नारिंगी कपड्यांत आला. सायमा आपल्या तपकिरी कोटात.

"अगं, काहीतरी नारिंगी घाल," तो म्हणाला. आवाज हळू होता. सभेनंतर त्याचा आवाज तसाच झाला होता. "कोणीतरी गोळी घालेल."

"उद्यापासून घालतील. आणि तुझ्याएवढं जाड हरीण बघून कोणी गोळी घालत नाही, आधी फोटो काढतात. चल."

बांधावर पातळ बर्फ होतं, बुटाखाली काचेसारखं फुटणारं. दोन्ही बाजूंना लाल काड्या, तिने अर्ध्या कापलेल्या. खाली पाणी काळं. सायमा पुढे, वर्नर मध्ये, मी मागे. मोरीपाशी ती थांबली. दगडावरचं बर्फ हाताने झाडलं आणि बसली. खिशातून पेपरात गुंडाळलेली मांस-बटाट्याची पेस्टी काढली.

"इथे?" वर्नरने विचारलं.

"इथे."

"कोणती?"

"मला काय माहीत, मी स्वयंपाकघरातली बाई. शास्त्र तुझं. शोध."

"सायमा, यंत्र सोमवारी येणार आहे."

"मग लवकर शोध."

तो उतारावर उतरला. एका हाताने गवत धरत, दुसऱ्या हातात भिंग. सायमा पेस्टी खात बघत होती. अर्धी तिने माझ्यापुढे केली, न विचारता. वर्नर त्या जाळीजवळून गेला, पुढे आल्डरच्या झुडपापाशी थांबला, भिंग लावलं.

"ते आल्डर आहे," वरून सायमा. "बसच्या काळात तू स्टॉप चुकवायचास तेव्हाही असाच पुढे जाऊन थांबायचास."

तो परत फिरला. पुन्हा जाळीजवळून गेला. त्याच्या बाहीला तिची एक काडी अडकली आणि सुटली. सायमाचं चावणं थांबलं. मला वाटलं, आता ती सांगेल. नाही सांगितलं. तिचे दोन्ही हात पेपरवर घट्ट होते.

तिसऱ्या वेळी वर्नर घसरला आणि गुडघ्यांवर पडला. तिथेच, पाण्यापासून हातभर अंतरावर. उठण्याआधी त्याने वर बघितलं असावं, कारण एकदम तो स्थिर झाला. फांदीच्या टोकाला दोन सुकलेली फळं होती, मनुक्यांसारखी, निळी. त्याने हातमोजा काढला. काडीवरून बोट फिरवलं, खालून वर, लव लागली असेल. मग कोवळी काडी निवडली, मागच्या वर्षीची, या वेळी कोवळी, आणि नखाने चिरली. फार वेळ बघत राहिला. त्याने भिंग लावलं नाही.

"तपकिरी आहे," तो म्हणाला.

"अजून जरा मोठ्याने सांग, कॉलेजात ऐकू गेलं नाही."

"कठड्यावरचा रंग इथलाच होता." तो अजून गुडघ्यांवरच होता. "माझं बरोबर होतं."

"तुझं सगळं चुकलं होतं. फक्त उत्तर बरोबर आलं. परीक्षेत तू तसाच पास व्हायचास."

त्याने डोळे पुसले, थंडीने असेल. "रडू नकोस," सायमा म्हणाली, "नमुना भिजेल." मग उठून, दगडाला धरत, ती हळूहळू खाली उतरली. दोघं त्या जाळीसमोर उभे राहिले. आमच्याकडची दोन सगळ्यांत हट्टी माणसं, एकाच झाडाकडे बघत, एकमेकांकडे न बघता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू दुधाच्या दातांचा होतास तेव्हापासून."

"मग सभेत का बोलली नाहीस?"

सायमाने कोटाची कॉलर वर केली. वारा सुटला होता, लाल काड्या एकमेकींवर घासत होत्या. ती म्हणाली, "तुझं तोंड बघून जीभ उचलली नाही." एवढंच. तिच्या तोंडून त्यापेक्षा जास्त कबुली मी कधी ऐकली नाही.

वर्नरने वही काढली. "शोध, पेल्टोनेन आणि ओयाला," त्याने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं.

"खोड ते."

"अगं, शोध तुझाच..."

"ऑनीच्या शेजारी माझं नाव थडग्याच्या दगडावर कोरून ठेवलंय, फक्त साल राहिलंय. तेवढं एक नाव एका पुरुषाशेजारी पुरे. तुझ्याशेजारी कशाला? लोक म्हणतील सायमाला शेवटी भ्रम झाला."

त्याने खोडलं. मग तिने कोटाच्या खिशातून एक निळी फीत काढली, चकतीसकट. "तेरा वापरल्या. ही तुझी. नीट बांध, जोरात आवळू नकोस, वाढायला जागा ठेव. आणि जुन्या खोडाला बांध, कोवळ्याला नाही."

त्याने बांधली. गाठ चुकीची पडली. तिने ती सोडली आणि स्वतः बांधली.

सोमवारी यंत्र आलं आणि मोरीच्या अलीकडे थांबलं. वर्नरने शनिवार-रविवार फोन करून कॉलेजच्या बाईंना आणलं होतं. त्यांनी काडी बघितली, फळ बघितलं, सही केली. स्नोमोबाईलची वाट पलीकडच्या टेकडीवरून गेली, क्लबचे लोक अजून चिडलेले आहेत. मोरीपासून पुलापर्यंत पाटी लागली, कापण्यास मनाई, आणि खाली लहान अक्षरांत, नोंद, व. पेल्टोनेन. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, जाळीशेजारी, नारिंगी टोपीत. सायमाने तो पेपर माझ्यासमोर चुलीत घातला. त्याआधी घडी नीट घातली.

आता ती महामार्गाच्या कडेच्या काड्या कापते. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, काड्यांची टोकं जळतात, वेचून वेचून घ्याव्या लागतात. पाठ पूर्वीसारखी वाकत नाही. शहरातल्या एका फुलवाल्याने तिला सांगितलं, या वर्षी रंग तेवढा नाही. तिने त्याला काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. आणि रुळांच्या वाटेवर, न कापलेली झुडपं दर वर्षी थोडी थोडी भुरी होत चालली आहेत. मंडळातल्या लोकांना त्यात काही वेगळं दिसलेलं नाही.

जूनमध्ये मी तिच्या पिकअपमध्ये होते. वाटेच्या शेजारून कच्चा रस्ता जातो, तिथून मोरी दिसते. वर्नर पंधरा माणसांपुढे उभा होता. फीत बर्फाने गेली असावी. तो एका झुडपावर हात ठेवून बोलत होता, आई मुलाच्या डोक्यावर ठेवते तसा, आणि पंधरा माणसं झुडपाकडे पाठ करून त्याच्याकडे बघत होती. पांढऱ्या फुलांचे घोस सगळीकडे सारखेच दिसत होते.

सायमाने गाडी थांबवली. इंजिन चालूच. काच खाली केली.

"वर्नर! डावीकडे!"

पंधरा माणसं वळली. वर्नरने टोपी सारखी केली आणि तो स्वतःच्या डावीकडे एक झुडूप सरकला.

"माझ्या डावीकडे, गाढवा!"

तो परत आला, मग आणखी दोन पावलं पुढे गेला, पाण्याच्या बाजूला. एक पान तोडलं, पालथं केलं, अंगठ्याने लव चाचपली. आणि वर बघून हात केला.

सायमाने हात केला नाही. पण तिने गाडी लगेच सोडलीही नाही. पंधरातल्या एका मुलीने वाकून त्या जाळीच्या एका पानाला बोट लावेपर्यंत ती थांबली. मग काच वर केली आणि म्हणाली, "चला. एकीला तरी हात आहेत."